ठाणे–नवी मुंबईच्या डोंगरांसाठी फुल सस्पेन्शन: चाक २९ घ्यावे की २७.५?

प्रश्न ऐरोलीहून आला आहे. उंची पाच फूट पाच इंच, वजन ७२ किलो, काही वर्षे २७.५ इंची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल) चालवली. शनिवार-रविवारी खारघर हिल, अधूनमधून बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या बाजूच्या मातीच्या वाटा. आता फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारी सायकल, घ्यायची आहे, बजेट तीन लाखांपर्यंत. ग्रुपमधले सांगतात, २९ सोडून काही बघूच नकोस. दुकानदार सांगतो, तुमच्या उंचीला २७.५ बरी. तिसऱ्याने ‘मलेट’ सुचवली आहे, म्हणजे पुढे २९ आणि मागे २७.५. शिवाय पाच फूट एक इंच उंचीची बहीण आहे, तिलाही हीच सायकल कधीकधी चालवायची आहे.

आधी उत्तर देतो, मग कारणे. तुमच्यासाठी २९ इंची चाकांची, मागे १३० आणि पुढे १४० मिमीच्या आसपास ट्रॅव्हल (सस्पेन्शन दबण्याचे अंतर) असलेली अ‍ॅल्युमिनियमची ट्रेल बाइक. मात्र फ्रेमची सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) आखूड असली पाहिजे. ती नसेल तर त्या मॉडेलकडे बघू नका, चाक कुठलेही असो. बहिणीसाठी ही सायकल योग्य नाही, त्यामागचे कारण पुढे येईलच. आणि तीन लाखांतले पस्तीस-चाळीस हजार सायकलबाहेर ठेवा. हेल्मेट, नी-पॅड, शॉक पंप, पेडल (या वर्गातल्या बऱ्याच सायकली पेडलशिवाय येतात) आणि पहिली सर्व्हिस यांत ते जाणारच आहेत.

मी ठाण्यात सायकली दुरुस्त करतो आणि याच डोंगरांत चालवतो. सस्पेन्शनची सायकल निवडताना लोक चाकावर महिनाभर वाद घालतात आणि सीट ट्यूबची लांबी विचारतही नाहीत. पावसाळ्यानंतर त्याच सायकली माझ्याकडे येतात तेव्हा तक्रार चाकाची कधीच नसते. सीट पुरेशी खाली जात नाही, मागचा शॉक कडक लागतो, पिव्हटमधून (मागच्या भागाच्या सांध्यातून) कटकट येते, अशा त्या तक्रारी असतात.

आपली जमीन कशी आहे, तिथून सुरुवात करू. परदेशी व्हिडिओंत दिसते ती मऊ, काळी, जंगलातली माती आपल्याकडे नाही. सह्याद्रीचा आणि त्याच्या या पश्चिमेकडच्या फाट्यांचा दगड बेसॉल्टचा. तो कडांनी फुटतो, पायऱ्या-पायऱ्यांनी उघडा पडतो आणि ऊन-पावसाने त्याचे खडे सुटून घसारा होतो. ऑक्टोबर ते मे या काळात वाटेवर कडक मुरूम आणि त्यावर सुट्या खड्यांचा थर असतो. भातखाचरांच्या बांधांवरून जावे तर वाळलेल्या चिखलात बैलांच्या खुरांचे आणि ट्रॅक्टरच्या चाकांचे खड्डे दगडासारखे घट्ट झालेले असतात. जूनमध्ये सगळे पालटते: कातळावर शेवाळ, बांधावर गाळ, ओढ्यांत पाणी. वेग या वाटांवर फारसा नसतो. उड्या मारण्यासारखे बांधलेले ट्रेल मोजकेच. बहुतेक वेळ आपण हळू वेगाने वीत-दीड वीत उंचीच्या दगडी पायऱ्यांवरून वर-खाली करत असतो आणि घामाघूम होऊन चढत असतो.

अशा जमिनीवर मोठे चाक नेमके किती उपयोगी? इथे थोडे गणित करायला हरकत नाही, कारण जाहिरातींत या फायद्याचा फार गाजावाजा होतो. २९ इंची रिमचा टायर बसतो तिथला व्यास ६२२ मिमी, २७.५ चा ५८४ आणि जुन्या २६ चा ५५९. म्हणजे २७.५ आणि २६ यांत २५ मिमीचा फरक, तर २९ आणि २७.५ यांत ३८ मिमीचा. नावावरून २७.५ हे चाक २६ आणि २९ च्या बरोबर मध्ये बसते असे वाटते, प्रत्यक्षात ते २६ च्या जास्त जवळ आहे. २.४ इंची टायर चढवला की २९ ची त्रिज्या साधारण ३७२ मिमी होते आणि २७.५ ची साधारण ३५३.

आता १० सेंमी उंचीचा दगड घ्या. २९ चे चाक त्याच्या कडेला साधारण ४३ अंशांच्या कोनात भिडते, २७.५ चे ४४ अंशांच्या थोडे वर. फरक एका अंशाहून किंचित जास्त. १८ सेंमीच्या पायरीला तो पावणेदोन अंशांच्या आसपास जातो. एका दगडाला हे जाणवणारसुद्धा नाही. पण खारघरच्या माथ्यावरून निघणाऱ्या एखाद्या खडकाळ वाटेवर अर्धा तास चालवले की शेकडो वेळा चाक थोडे कमी अडकते, थोडा कमी वेग जातो, पाय थोडे कमी भरून येतात. २९ चा फायदा असा जमत जमत मिळतो. चढताना तो जास्त जाणवतो, कारण चढाला वेग आधीच कमी असतो आणि एक पायरी अडली की पाय टेकावा लागतो. ज्या पायरीला तुमची हार्डटेल अडते तिथे २९ एकदम उडून जाईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

या फरकाला किती महत्त्व द्यायचे हे २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दिसले होते. पुरुषांच्या क्रॉस-कंट्री शर्यतीत चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव्ह कुल्हावी २९ इंची फुल सस्पेन्शनवर होता, स्वित्झर्लंडचा नीनो शुर्टर २७.५ इंची हार्डटेलवर. कुल्हावी जिंकला, एका सेकंदाने. पुढच्या काळात शर्यतींचे जग २९ कडे झुकले हे खरे, पण त्या दिवशी जगातले दोन सर्वोत्तम पाय दोन वेगळ्या चाकांवर जवळपास एकाच वेळी रेषेवर पोहोचले होते.

मोठ्या चाकाची किंमतही असते. रिम, टायर, स्पोक सगळे थोडे मोठे, म्हणून थोडे जड, आणि हे वजन फिरणाऱ्या भागात येते. गिअरही साधारण पाच टक्क्यांनी जड होतो, कारण पेडलच्या एका फेरीत सायकल तेवढी पुढे जाते. याला सोपा उपाय आहे. चेनरिंग (पेडलजवळचे दातेरी चक्र) ३२ दात्यांची असेल तर ३० ची बसवा, सहा टक्के हलकी होते आणि हिशेब मिटतो. आपल्या दमट हवेत, मार्चनंतरच्या उन्हात चढायचे असेल तर १०-५१ किंवा ११-५० च्या कॅसेटबरोबर (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांबरोबर) ३० चीच चेनरिंग मी सुचवतो, माणूस कितीही तयारीचा असला तरी. उतारावर वरचा गिअर कमी पडेल ही भीती डांबरी रस्त्यापुरती असते. वाटेवर तिथे पोहोचायची वेळच येत नाही.

आता फ्रेम. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पाच फूट पाच इंच ही उंची बहुतेक कंपन्यांच्या तक्त्यांत स्मॉल आणि मीडियमच्या सीमेवर येते आणि दुकानात जे शिल्लक असेल ते तुमच्या मापाचे म्हणून दाखवले जाते.

घरी भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा. एक जाड पुस्तक पायांच्या मध्ये सीटसारखे घट्ट वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर कुणाला तरी मोजायला सांगा. तुमच्या उंचीला ते साधारण ७६ सेंमी भरेल असे धरू. याला ०.८८३ ने गुणले की क्रँकच्या (पेडलचे दांडे फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची चढाची उंची मिळते: ६७१ मिमी. आता १५० मिमीचा ड्रॉपर पोस्ट (चालवता चालवता सीट वर-खाली करता येते तो सीटचा खांब) हवा आहे. ड्रॉपरचे १५०, त्याची कॉलर आणि वरचा क्लॅम्प मिळून साधारण ४५, सीटची जाडी साधारण ४५, बेरीज २४०. ६७१ मधून २४० गेले, उरले ४३१. म्हणजे सीट ट्यूब ४३१ मिमीपेक्षा लांब असेल तर १५० चा ड्रॉपर तुम्हाला बसणार नाही. सीट पूर्ण वर काढली की ती तुमच्या पायांना उंच पडेल. ४१० ते ४२० ची सीट ट्यूब असेल तर उत्तम, थोडी जागा हाताशी राहते. ड्रॉपर फ्रेमच्या आत पूर्ण उतरतो का, की मध्येच बाटलीच्या बोल्टला किंवा नळीच्या वाकाला अडतो, हेही दुकानात प्रत्यक्ष करून बघा. ट्रेलवर ड्रॉपर ही चैनीची वस्तू समजू नका. उतारावर सीट खाली नसेल तर शरीर मागे-खाली नेता येत नाही, आणि मग चाक २९ असो वा २७.५, पुढच्या चाकावरून तोंडघशी पडायची वेळ येते.

सीट ट्यूब जमली की रीच बघा. क्रँकच्या मध्यातून वर काढलेल्या उभ्या रेषेपासून हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या नळीच्या) वरच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच, आणि उभे राहून चालवताना सायकल किती ऐसपैस वाटते ते यावर ठरते. तुमच्यासाठी ४३० ते ४४५ च्या दरम्यान शोधा. हेड अँगल (त्या नळीचा जमिनीशी कोन) ६५ ते ६६.५ अंश ठीक. त्याहून सपाट कोन वेगवान, तीव्र उतारांसाठी असतो आणि आपल्या अरुंद वळणांवर पुढचे चाक लोळायला लागते. सीट अँगल (सीटच्या नळीचा कोन) मात्र ७५ अंशांपेक्षा उभा हवा. चढावर मागचा शॉक दबतो, माणूस मागे सरकतो आणि पुढचे चाक उचलायला लागते. उभी सीट त्याला आळा घालते.

इथेच बहिणीचा प्रश्न येतो. पाच फूट एक इंचाला पायांचे माप साधारण ७० सेंमी धरले तर सीटची उंची ६१८ मिमी. त्यातून २४० गेले की ३७८. तुमच्या ४१० च्या सीट ट्यूबवर ड्रॉपर पूर्ण वर काढला की सीट तिला तीन सेंमीहून जास्त उंच पडेल, म्हणजे तिच्या मापाला हा ड्रॉपर बसत नाही. मागे २९ चे चाक असल्याने दुसरी अडचण येते. क्रँकची उंची तीच ठेवली तर २९ च्या मागच्या टायरचा वरचा भाग २७.५ पेक्षा ३८ मिमी वर असतो. शॉक पूर्ण दबलेला, माणूस सीटच्या मागे झुकलेला, अशा क्षणी आखूड पायांच्या व्यक्तीला टायर खालून घासतो. तो घासला की दचकून शरीर पुढे येते, आणि तीव्र उतारावर त्या क्षणी शरीर पुढे यायला नको असते. पुढच्या बाजूला हँडलही जवळपास १९ मिमी उंच जाते. म्हणून तिच्यासाठी स्वतंत्र, एक्स्ट्रा-स्मॉल किंवा स्मॉल फ्रेमची, मागे २७.५ असलेली सायकल बघा. आत्ता फुल सस्पेन्शन परवडत नसेल तर तिच्या मापाची चांगली हार्डटेल घ्या. भावाच्या मापाच्या महागड्या सायकलपेक्षा ती तिला लवकर तयार करेल.

मलेटविषयी तुम्हाला कुणी सांगितले ते चूक नाही. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने, म्हणजे यूसीआयने, २०१९ मध्ये शर्यतींत पुढे-मागे वेगवेगळ्या आकाराची चाके चालतील असे ठरवले आणि तेव्हापासून डाउनहिल-एंड्युरोमध्ये (उताराच्या शर्यतींत) ती पद्धत झपाट्याने रुजली. पुढे मोठे चाक दगड ओलांडते, मागे लहान चाक शरीराला जागा देते आणि वळणावर मागचा भाग चटकन फिरतो. तीव्र उतारांसाठी हे छान आहे. तुमच्या वापरात चढ जास्त आणि उतार पायरी-पायरीचा, तिथे मागचे २९ चाक तुम्हाला जास्त कामाला येईल. एक मात्र करू नका: २९ ची सायकल घेऊन तिला नंतर मागे २७.५ चे चाक लावणे. मागचा अ‍ॅक्सल १९ मिमी खाली येतो, त्याने क्रँक साधारण १२ मिमी खाली जाते, हेड अँगल आणि सीट अँगल दोन्ही जवळपास एका अंशाने सपाट होतात. सीट सपाट झाली की चढ जड आणि क्रँक खाली गेली की आपल्या बेसॉल्टच्या पायऱ्यांवर पेडल आपटलेच. फ्रेमवर त्यासाठी खास फ्लिप-चिप (फ्रेमचे कोन जुळवून घेणारा छोटा तुकडा) दिलेली असेल आणि कंपनीने स्वतः परवानगी दिली असेल तरच हा बदल करावा.

ट्रॅव्हलबाबत तरुण मुलांचा कल नेहमी जास्तीकडे असतो. १६० मिमीची एंड्युरो बाइक उतारावर सगळे गिळते हे खरे. पण ती ज्या वेगासाठी बनवलेली असते तो वेग आपल्या वाटांवर येत नाही, आणि कमी वेगात ती सुस्त वाटते. तीच सायकल खारघर हिलचा डांबरी चढ चढवायची आहे, तीच रविवारी सकाळी बारवीपर्यंत न्यायची आहे, हे लक्षात घ्या. १२० ते १४० हा आपल्या डोंगरांचा पट्टा. लांब अंतराच्या कच्च्या रस्त्यांची आवड असेल, मुरबाड-शहापूरकडे दिवसभर भटकायचे असेल तर १२० सुद्धा पुरते.

लिंकेजच्या (मागच्या सांध्यांच्या रचनेच्या) नावांवरून, म्हणजे फोर-बार, सिंगल पिव्हट, व्हीपीपी वगैरेवरून, तुम्ही डोके शिणवू नका. या किमतीत चांगल्या कंपन्यांच्या सगळ्या रचना नीट चालतात. शॉकवर लॉकआउट किंवा चढासाठीची लिव्हर आहे का बघा आणि डांबरावर ती वापरा. हवेचा शॉकच घ्या, कॉइल (स्प्रिंगचा) नको. हवेच्या शॉकमध्ये वजनाप्रमाणे दाब बदलता येतो. बाजारात तीस-चाळीस हजारांत ‘ड्युअल सस्पेन्शन’ म्हणून मिळणाऱ्या सायकलींत मागे नुसती स्प्रिंग असते, डँपिंग (उसळी शांत करण्याची सोय) नसते. ती दर पेडलला झुलते आणि दर दगडाला उसळते. त्या पैशांत सरळ हार्डटेल घ्यावी.

सायकल हातात आली की पहिला तास सॅगसाठी द्या. सॅग म्हणजे तुम्ही नुसते बसल्यावर सस्पेन्शन जेवढे दबते ते. हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये होते. पाण्याची भरलेली बॅग पाठीवर, हेल्मेट डोक्यावर, बूट पायांत. राइडला निघता तसेच. शॉकची लिव्हर उघडी. एका हाताने खांबाला धरून, पेडलवर उभे राहून सायकल दोन-तीनदा दाबा, मग हळूच सीटवर बसा, आणि दुसऱ्या माणसाला शॉकवरची रबरी रिंग खाली सीलपर्यंत सरकवायला सांगा. मग न उसळता अलगद उतरा. रिंग सीलपासून किती दूर गेली ते पट्टीने मोजा. १३० मिमी ट्रॅव्हलला शॉकचा स्ट्रोक ५० मिमी असेल तर १४ ते १५ मिमी हवे, म्हणजे २८ ते ३० टक्के. कमी भरले तर हवा थोडी सोडा, जास्त भरले तर भरा, आणि पुन्हा मोजा. पुढच्या १४० च्या फोर्कला (पुढच्या सस्पेन्शनला) उभे राहून २८ मिमीच्या आसपास, म्हणजे २० टक्के. जमलेला दाब मोबाइलमध्ये लिहून ठेवा. रिबाउंडसाठी (दबलेले सस्पेन्शन परत वर येण्याच्या वेगासाठी) फुटपाथवरून बसल्या बसल्या खाली उतरा: मागचा भाग एकदा वर येऊन शांत झाला पाहिजे. दोनदा झुलला तर रिबाउंड एक-दोन क्लिक हळू करा. वर यायला रेंगाळला तर जलद करा, नाहीतर लागोपाठच्या पायऱ्यांवर शॉक प्रत्येक वेळी थोडा थोडा दबलेलाच राहतो आणि शेवटी दगडासारखा कडक लागतो. शॉक कडक आहे म्हणून माझ्याकडे आलेल्या सायकलींत पुष्कळदा दोष शॉकमध्ये नसतोच, हवा जास्त भरलेली असते.

टायरमध्ये कंजूषी नको. २.४ इंची, पुढचा जरा जास्त पकडीचा, आतून ३० मिमीच्या आसपास रुंद रिमवर, आणि ट्यूबलेसच. आपल्याकडे बाभूळ आणि बोर यांचे काटे वाटेवर पडलेलेच असतात. ट्यूब असेल तर एका सकाळी दोन-दोन पंक्चर होतात, सीलंट असेल तर काटा उपटला की फेस येतो आणि भोक बुजते. तुमच्या वजनाला पुढे २२-२३ आणि मागे २५-२६ पीएसआयपासून सुरुवात करा. सीलंट आपल्या उन्हात दोन-तीन महिन्यांत आटते, टायरच्या आत नुसती रबरी साय उरते. व्हॉल्व्हचा गाभा काढून आत बारीक काडी घालून बघायची, ओली आली नाही तर शंभरेक मिली भरायचे.

आता पावसाळा, कारण मुंबई-ठाण्याकडे फुल सस्पेन्शन सांभाळणे म्हणजे मुख्यतः पावसाळा आणि खाडीची खारी हवा सांभाळणे. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. चिखलात बेसॉल्टची बारीक कच असते आणि ती सीलच्या कडेला, पिव्हटच्या झाकणाखाली, ब्रेक पॅडमध्ये जाऊन बसते. मागच्या पिव्हटमधली बेअरिंग पूर्ण गोल फिरत नाहीत, काही अंशच पुढे-मागे होतात. त्यामुळे ग्रीस पसरत नाही, त्याच त्या गोळ्या त्याच जागी घासतात, आणि पाणी शिरले की तिथेच गंज धरतो. सप्टेंबरअखेर लिंकेज उघडले की ग्रीसच्या जागी तपकिरी पाणी निथळते आणि बेअरिंग बोटाने फिरवली तर अडखळत, खरखरत फिरते. धुताना पाइपाचे साधे पाणी आणि ब्रश वापरा. मोटारसायकल धुतात तिथल्या प्रेशर पंपाखाली ही सायकल कधीही धरू नका, तो झोत सीलमधून पाणी आत ढकलतो.

म्हणूनच घेण्याआधी दुकानदाराला विचारा, पिव्हटला कोणत्या मापाची बेअरिंग आहेत. ६९०२ सारखे ठरलेले माप असेल (आत १५, बाहेर २८, जाडी ७ मिमी) तर वागळे इस्टेटसारख्या औद्योगिक भागात बेअरिंगच्या दुकानांत शोधता येते. फक्त तिथे सहज मिळते ते आत पिंजरा असलेले असते. पिव्हटसाठी पिंजरा नसलेले, जास्त गोळ्यांचे बेअरिंग जास्त टिकते आणि ते बहुधा मागवावे लागते. डीरेलियर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा) प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, सायकलीबरोबरच एक जादा घ्या. स्पोकही चार जादा घ्या, पुढच्या-मागच्या लांबीचे. फोर्कच्या लोअर्समधले (खालच्या नळ्यांमधले) तेल आणि शॉकच्या एअर कॅनचे (हवेच्या कप्प्याचे) सील यांच्यासाठी बऱ्याच कंपन्या ५० तासांच्या आसपासची मुदत देतात, अचूक आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघा. आठवड्याला सहा तास चालवलेत तर ५० तास दोन महिन्यांत भरतात. हे काम करणारा माणूस ठाणे-मुंबई-पुण्यात कोण, त्याच्याकडे तुमच्या शॉकचे सील मिळतात का, हे खरेदीआधी फोनवर विचारून घ्या. ज्या शॉकचे सील तीन-तीन महिने येत नाहीत ती सायकल कितीही देखणी असली तरी अर्धा हंगाम भिंतीला टेकलेली राहते. ब्रेक पॅड पावसात धातूमिश्रित वापरा. रेझिनचे पॅड त्या कचीत एका मोठ्या उतारात झिजलेले मी पाहिले आहेत. रोटर (ब्रेकची चकती) दोन्हीकडे १८० मिमी.

कार्बन फ्रेमचा मोह तीन लाखांत टाळा. त्या पैशात कार्बन घेतली की शॉक, ब्रेक, चाके हलक्या दर्जाची येतात. आपल्या वाटेवर सुटलेला खडा डाउन ट्यूबवर आदळतो तो आवाज ऐकूनच माणूस थांबतो. अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडेल, कार्बनची आतून तपासणी करावी लागेल.

चालवायचे कुठे हाही खरेदीचाच भाग आहे. येऊरचा बराचसा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो. डांबरी रस्त्याने गावापर्यंत जाणे वेगळे आणि जंगलातल्या पाऊलवाटेवर सायकल घालणे वेगळे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार परवानगीशिवाय उद्यानात शिरता येत नाही. तिथे बिबट्याचा वावर आहे, आदिवासी पाडे आहेत, आणि वाट त्यांच्या रोजच्या जाण्यायेण्याची आहे. खारघरला पावसाळ्यात धबधब्यांच्या बाजूला बंदी असते, ती पाळा. बदलापूर-मुरबाडकडे शेताच्या बांधावरून जाताना उभ्या पिकात चाक घालू नका. समोरून डोक्यावर मोळी घेतलेली बाई आली तर उतरून बाजूला उभे राहा. गावकऱ्यांनी एकदा वाट बंद केली की ती सगळ्यांसाठी बंद होते. तुमचे शनिवार-रविवार मुख्यतः येऊरच्या रस्त्यावर आणि पाम बीच रस्त्यावरच जात असतील, तर फुल सस्पेन्शन घेऊच नका. त्या पैशांत फार चांगली हार्डटेल येईल आणि देखभाल निम्मी.

जुनी सायकल मिळत असेल तर दोन गोष्टी तपासा. २६ इंची जुनी फुल सस्पेन्शन स्वस्तात मिळते, पण तिला सहसा मागे १३५ मिमीचा क्विक रिलीज हब आणि पुढे सरळ स्टिअररचा फोर्क असतो. आजचे फोर्क-हब तिला बसत नाहीत आणि ट्रेलसाठी चांगले २६ चे टायरही आता क्वचितच सापडतात. २९ ची जुनी असेल तर मागे १२ × १४८ आणि पुढे १५ × ११० चे अ‍ॅक्सल आहेत का बघा, म्हणजे सुटे भाग मिळतात. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवा. नख अडकेल एवढा ओरखडा असेल तर तेल गळणारच. सीटला धरून मागचा भाग थोडा उचला आणि सोडा. हाताला बारीक ‘टक’ जाणवली तर पिव्हटमध्ये किंवा शॉकच्या बुशमध्ये खेळ आहे. तो खर्च किमतीतून वजा करा.

नवी घेतलीत तर पहिल्या तीन-चार राइडनंतर लिंकेजचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासून घ्या, फ्रेमच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला, आणि धाग्यांवरचे निळे थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) पुसले गेले असेल तर नवे लावून. नवे बेअरिंग आपल्या जागी बसताना बोल्ट किंचित सैल होतात. सैल बोल्टवर महिनाभर चालवले की बोल्टचे छिद्र मोठे होते आणि मग फ्रेमच बदलावी लागते. सुरू करायला ऑक्टोबर चांगला. वाटा कोरड्या पडायला लागलेल्या असतात, घसारा अजून पुरता सुटलेला नसतो, आणि पुढच्या जूनपर्यंत सायकलची सगळी सेटिंग तुमच्या हातात बसलेली असतात.